लपवलेली ओळ

धम्मदीपच्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं-पत्ते छापायचं काम त्याच्या बहिणीनं, साक्षीनं, अंगावर घेतलं होतं. एक्सेलच्या यादीतल्या हव्या त्या ओळी निवडायच्या आणि बटण दाबायचं, की नावं छापून बाहेर, असा मॅक्रो तिनंच लिहिला. बेला गावच्या मोठेबाबांशी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाशी, घराची बोलचाल बंद होती. बाबांच्या सांगण्यावरून त्यांची ओळ तिनं तेवढी लपवून ठेवली.

आणि लग्नाच्या दिवशी मोठेबाबा मांडवाच्या दारात उभे! हातात पत्रिका. साक्षीच्या चटकन लक्षात आलं. वरपासून खालपर्यंत ओळी निवडताना मधली लपलेली ओळही त्यात आली होती. मॅक्रोला काय, दिसणारी आणि लपलेली सारखीच. आता भर मांडवात भांडण!

ती धावत सुटली, पण बाबा तिच्या आधीच दाराशी पोचले होते. "ये न दादा, येवढा उशीर काऊन केला?" म्हणत त्यांनी भावाच्या हातातली पिशवी घेतलीसुद्धा.

साक्षीचा जीव भांड्यात पडला. तरी जेवणं आटोपल्यावर तिनं हळूच सांगून टाकलं, "बाबा, ते पाकीट माह्या चुकीनं गेलं."

"चूक कायची वं?" बाबा म्हणाले. "तू तं त्याचं नाव पुसून टाकू का म्हनत होती. पुसू नको, नुसतं लपव, असं मीच सांगतलं होतं."