ओळीला दोघी
सायखेड्याला बायकांची टोळी एक्स्पोर्टच्या द्राक्षांचे मणी कात्रीने विरळ करते. वेलींच्या एका ओळीला दोघी. माझी बायको चांगुणा एकाएकी गेली आणि तिची जोडीदार ठमाबाई एकटी पडली. जोडी नाही तर काम नाही, म्हणून तेराव्यानंतर तिने मलाच बोलावलं.

"दाजी, डोक्यावर पदर घ्या!" बायका हसल्या. मीही हसलो.

दुपारी मी मागे पडलो. ठमाबाई माझे घड उरकू लागली.

"राहू द्या, मी करतो."

"असू द्या दाजी, सवय हाय. चांगुणाचे पण आम्हीच करायचो."

"का?"

तिची कात्री थांबली. "गेल्या हंगामापासून पोट धरून वेलीखाली पडून असायची ती. तुम्हीच नेत होता ना तिला नाशिकला, दवाखान्यात?"