जिभेखालचं नाणं

नेपोसची बायको सालविया गेल्याचं दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. तळमजल्यावरची म्हातारी तेर्तुला वर आली. तिनं सालवियाला आंघोळ घातली, केस विंचरले आणि नेपोससमोर हात पुढे केला.

"नाणं दे, पोरा. जिभेखाली ठेवते. मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी फुकट नेत नाही."

नेपोसनं कमरेची पिशवी पलंगावर उलटी केली. तो रोमच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरायचा. त्याचंच काम त्याच्यासमोर पडलं. त्यानं एक नाणं उचललं. घोड्यावर बसलेला सम्राट खाली पडलेल्या माणसाला भाल्यानं भोसकत होता. ते त्यानं बाजूला सारलं. दुसऱ्यावर विजयदेवता होती, पाय शत्रूच्या शिरस्त्राणावर. तिसऱ्यावर हात मागे बांधलेला कैदी. तीही त्यानं सारली.

"कुठलंही चालतं," तेर्तुला म्हणाली. "नावाडी चित्रं बघत बसत नाही."

"हिच्या तोंडात नको हे."

"मग काय फुलं हवीत? उलटं ठेवते हवं तर. सम्राटाचं डोकं वर."

"तरी चित्र तिच्या तोंडातच राहील."

तेर्तुलानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात शेजारचा बास्सस काठी टेकत आत आला. डेशिया देशावरच्या युद्धात त्याचा एक पाय अधू झाला होता. नेपोसचा मुलगा रूफुस त्याच्याच तुकडीत होता. तो परत आला नाही. तेव्हापासून सालविया रोज बास्ससला वाडगाभर मसुराची आमटी पाठवायची. तो खायचा आणि वाडगा धुऊन परत करायचा. रूफुसबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

बास्ससनं मूठ उघडली. तळहातावर चांदीचं नाणं होतं, झिजलेलं नाही.

"लढाई संपल्यावर बक्षीस मिळालं होतं. खर्च केलं नाही. माझ्या तोंडासाठी ठेवलं होतं. आता हिला दे."

नेपोसनं ते पाहिलं. एका खांबाला हरलेल्यांची चिलखतं आणि ढाली टांगलेल्या. खांबाखाली एक बाई जमिनीवर बसलेली. गुडघे जवळ घेतलेले, गाल हातावर टेकलेला. खाली अक्षरं होती: डेशिया.

"हे तर मुळीच नको."

बास्ससचा चेहरा लाल झाला. "का रे? माझ्या पायाचं मोल आहे ते! आणि कोरलं कुणी? तूच ना? शाबासकी घेताना बरं चाललं होतं."

"बास्सस, आज भांडू नकोस," तेर्तुला म्हणाली.

"भांडत नाही मी, आजी. याला विचारतोय." त्यानं नाणं उजेडात धरलं. "तिकडची गावं आम्ही जाळली. अशा बायका मी पाहिल्यात. अश्शाच बसायच्या. रडायच्यासुद्धा नाहीत. तू तर कधी या शहराच्या बाहेर पडला नाहीस. तुला कसं कळलं त्या कशा बसतात ते?"

नेपोस पलंगाच्या कडेला बसला.

"तो ठसा मला जमत नव्हता. मुकादम रोज बोलायचा. म्हणायचा, हरलेली बाई सांगितली होती, तुझी तर बाजाराला निघालीय. तशातच रूफुसची बातमी आली. तुमच्या तुकडीतलाच एक जण दारात सांगून गेला. ही तिथं खाली बसली, चुलीपाशी."

"मग?"

"मी मेणाची पाटी घेतली."

"तिच्यासमोर?" तेर्तुलानं विचारलं.

"समोरच. गुडघे काढले, हात काढला, मान काढली. तिनं मला पाहिलं. माझं होईपर्यंत ती हलली नाही."



"नाणं निघालं तेव्हा आणून दाखवलं. 'कान माझाच आहे,' म्हणाली. आणि कांदे सोलायला बसली."

बास्ससनं नाण्याकडे पाहिलं. मग सालवियाकडे पाहिलं. त्यानं मूठ मिटली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेर्तुलानं पुन्हा हात पुढे केला नाही. तिनं सालवियाची हनुवटी वर लोटली आणि फडक्यानं बांधली. तोंड रिकामंच मिटलं.

खालून खांदेकऱ्यांनी हाक मारली. चौघं वर आले. जिना अरुंद होता, तिरडी तिरकी करावी लागली. नेपोस मागून उतरला.

त्या दिवशी ती त्याच्यासाठी तशी बसून राहिली होती, की तिला हलताच येत नव्हतं, हे त्याला तिला एकदा विचारायचं होतं. ते राहिलं.