कोपऱ्यातलं चिन्ह

चूक लक्षात आली तेव्हा गुणाजी जॉब चिंधीने पुसत होता.

टायटॅनियमचा तो तुकडा दिसायला झकास झाला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनात डॉक्टरच्या ड्रिलला दिशा देणारा गाइड, नव्या डिझाइनचा पहिलाच नमुना. उद्या सकाळी डिझाइनवाल्या कंपनीच्या श्रुतिका मॅडम तो डॉक्टरांना दाखवणार होत्या. चारही भोकं मापात होती. फक्त ती उजवीकडे झुकायला हवी होती आणि झुकली होती डावीकडे. आरशात बघावं तसा अख्खा जॉब उलटा.

त्याने ड्रॉइंग पुन्हा उघडलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नखाएवढं एक चिन्ह असतं. बाजूचं चित्र कुठून बघून काढलंय ते त्यावरून कळतं. आपल्याकडची रीत एक, अमेरिकेची बरोबर उलटी. इथे चिन्ह अमेरिकेचं होतं. मरोळच्या या गाळ्यात तीस वर्षं घासलेल्या माणसाने ते बघितलंच नव्हतं. सवयीने आपल्या रीतीने वाचलं आणि मोकळा झाला. आता बोला.

त्याला धक्काबिक्का बसला नाही. त्याच्या बायकोला, जानकीला, जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून त्याला कशानेच काही होत नव्हतं. डबा उघडायचा म्हणून उघडायचा, घाटकोपरला घरी जायचं म्हणून जायचं. मशीन चालू झालं की मात्र हात आपले आपण चालायचे. दिवसातला तेवढाच वेळ बरा जायचा.

आणि मशीनच जायची वेळ आली होती. या महिन्यात दोन जॉब वाया गेले होते. "काका, तिसरा गेला तर मला तुम्हाला मशीनवरून उतरवावं लागेल," केतनशेठ म्हणाला होता. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून गुणाजी इथे होता, म्हणून त्याने ते मान खाली घालून सांगितलं होतं.

शेठ आत्ता बाहेर गेला होता. कुणी काही पाहिलं नव्हतं. जॉब डब्यात घालून पाठवला असता तर उद्यापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. गुणाजीच्या मनात हे आलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं. चहा निवेपर्यंत राहिलं, मग गेलं.

गाळ्याचा नियम होता, आणि नव्या पोरांना तो गुणाजीच शिकवायचा. वाया गेलेला जॉब अख्खा ठेवायचा नाही. दोन तुकडे करायचे, वर लाल रंग मारायचा. नाहीतर चुकून चांगल्या मालात जाईल आणि कुणाच्या तरी हाडाशी पोचेल.

टायटॅनियमचा ब्लॉक एकच आला होता, पुन्हा करायला दुसरा नव्हता. गुणाजीने जॉब शिकंज्यात धरला, कापला आणि रंग लावला.

केतन आला तेव्हा रंग अजून ओला होता.

"शेठ, जॉब गेला."

"म्हणजे? दुरुस्त नाही होणार?"

"उलटा झालाय. कापला मी."

केतनने दोन्ही तुकडे जुळवून बघितले. "मला विचारायचं तरी ना, काका."

"विचारून काय? नियम तोच."

"मग माझाही शब्द तोच. उद्यापासून पॅकिंगला बसा. मशीन त्या नव्या पोराला, सर्वेशला देतो."

"बरं," गुणाजी म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला दुखलं. त्याने मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. श्रुतिका मॅडम होत्या. काय ते शेठसमोरच होऊन जाऊ दे म्हणून त्याने स्पीकर लावला.

"काका, जॉब अजून केला नाही ना? आमच्याकडून घोळ झालाय. ड्रॉइंग आपल्याच रीतीने काढलंय, पण कॉम्प्युटरने कोपऱ्यात अमेरिकेचं चिन्ह टाकलंय. त्याच्याकडे बघूच नका. तुम्ही नेहमी सवयीने वाचता ना, तसंच वाचा."