घसा बसलेली नात

"घसा बसलाय, एवढंच सांगायचं. बाकी नुसती मान हलवायची," मुलीच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत मावशींनी बजावलं.

"पण माझा घसा बरा आहे."

"तोच तर घोटाळा आहे ना, राणी."

बाहेर गाडीचं दार वाजलं. मावशींनी मफलरची गाठ घाईने आवळली.

मुलींचं हे वसतिगृह एका कारखानदार साहेबांच्या देणगीवर चालत होतं. साहेबांनी इथल्या एका मुलीला, तिला कधी न पाहताच, नात मानलं होतं. दर रविवारी ती त्यांना फोन करायची. गेल्या वर्षी तिचा मामा येऊन तिला घेऊन गेला. संचालिकाबाई हादरल्या. "देणगीदाराशी नातं जोडणं सोपं, टिकवणं महाकठीण," असं म्हणून त्यांनी तो फोन मावशींच्या हाती दिला. मावशी ऑफिसातला टेलिफोन सांभाळायच्या. वय पन्नाशीपार, आवाज मात्र दुसरीतल्या पोरीचा. नातं नुसतं टिकलं नाही, फोफावलं. इतकं, की आजोबा आज नातीला भेटायला येऊन ठेपले, आणि नात म्हणून दुसरीच मुलगी उभी करावी लागली. बिंग फुटलं तर देणगी बंद, वसतिगृहाला कुलूप, आणि पोरी जिथून आल्या तिथे परत.

मावशी पडद्याआड गेल्या.

साहेब काठी टेकत आत आले. ड्रायव्हरने त्यांना खुर्चीत बसवलं आणि तो मागेच उभा राहिला.

"आज घसा बसलाय हो तिचा," संचालिकाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"माझाही बसलाय," साहेब पुटपुटले. "हवाच तशी आहे."

आजोबा आणि नात एकमेकांकडे बघत बसले.

ड्रायव्हर वाकला. "साहेब, मांजराचं विचारायचं होतं ना?"

"हं. मांजराचं काय झालं मग?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे. ते मांजर मावशींनी गेल्या रविवारी बोलण्याच्या भरात जन्माला घातलं होतं आणि कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. साहेबांच्या कपाळावर आठी चढली.

"तिला पिल्लं झाली, आजोबा!"

आवाज पडद्याआडून आला. मुलीचे ओठ मागाहून हलले. बाईंना ठसका लागला. ड्रायव्हरची मान गर्रकन पडद्याकडे वळली.

साहेबांनी मात्र समाधानाने मान डोलावली. "छान. असेच फोन करत जा. देणगी चालूच राहील."

बाई आणि मुलगी त्यांना हाताला धरून गाडीकडे घेऊन गेल्या. मावशी भिंतीला टेकून श्वास घेत होत्या, तोच पडदा सरकला. समोर ड्रायव्हर, तिशीतला, दणकट.

मावशींनी हात जोडले. "दादा, पोरींच्या तोंडाकडे बघा. साहेबांना सांगू नका हो."

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्याने खांदे पाडले आणि मावशी दर रविवारी ऐकत आल्या होत्या त्या थरथरत्या, म्हाताऱ्या आवाजात म्हणाला, "बाळा, यापुढे फोन जरा सकाळीच कर. दुपारी साहेबांना पत्ते खेळायला क्लबात सोडायचं असतं."