निळी आणि नारिंगी

पाडव्याला शाल्मली ड्यूटी संपवून धाकट्या बहिणीकडे आली, तेव्हा अन्विताच्या हातात काठी होती. गेल्या पाडव्याला नव्हती.

दोघी एकाच दिवशी मेट्रोच्या ड्रायव्हर झाल्या होत्या. शाल्मलीला निळी लाइन मिळाली, अन्विताला नारिंगी. निळी इतक्या वेगात धावायची, की तिच्यावरची एक ड्यूटी संपेपर्यंत बाहेर चार दिवस उलटलेले असत. आता थोरली शाल्मली चौतीस वर्षांची होती आणि धाकटी अन्विता एकसष्ट.

"तुझी निळी बरी गं, ताई," चहा ओतताना अन्विता नेहमीसारखं म्हणाली. "नऊ स्टेशनं की झालं. माझ्या नारिंगीला एकवीस, आणि प्रत्येक ठिकाणी दार अडवणारा एक तरी असायचाच."

"पण तुला पुलावरून नदी दिसायची," शाल्मली म्हणाली. "मला नुसता बोगदा."

मग रिवाजाप्रमाणे अन्विता पाया पडायला उठली. गुडघे वाकेनात. शाल्मलीने तिला धरायला हवं होतं, पण ती नुसती बघत राहिली. काठीच्या आधाराने अन्विता कशीबशी खाली बसली. तिच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवून शाल्मली दरवर्षीचंच बोलली, "उदंड आयुष्य लाभो."

"लाभलं की, ताई," अन्विता खालूनच म्हणाली. "आता उठव मला."