कार्डावरची सही

बायको पारूबाईनं दोन दिवस दारूला शिवू न दिल्यानं कुपवाडच्या फिटर मानसिंगचा हात थरथरत होता आणि विमा कचेरीत त्याची सही तिसऱ्यांदा फिसकटली. “कार्डावरच्या सहीशी जुळत नाही. दवाखान्याची मंजुरी कशी देऊ?” कारकून म्हणाला. “आवं, अंगठा घ्या की,” पारूबाई काकुळतीला आली. “सही येणाऱ्याचा अंगठा चालत नाही, बाई.” दारू सोडवायला आजच दाखल केलं नाही, तर घरी झटके येऊन जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कचेरीचा अर्धाच तास उरला होता. पारूबाई मागच्या गल्लीतून पदराआड हातभट्टीची नवटाक घेऊन आली आणि जिन्याखाली स्वतःच्या हातानं त्याला पाजली. हात स्थिरावला. पूर्वी पलटणीत असताना गिरवलेली सही कार्डाबरहुकूम उतरली, शिक्का बसला. पेन न सोडता मानसिंग म्हणाला, “पारू, आजून कुठं सही लागती का, इचार की.”