निम्मं सरकारचं, निम्मं शेठचं

"आधी खात्याचं नाव, मग तुमचं," क्रीडा खात्याचे साहेब म्हणाले. "यात वाद घालण्यासारखं काही नाही."

"असं कसं? बूट माझे, खाणं माझं, वसतिगृहाचा निम्मा खर्च माझा," वाल्मीकशेठ कडाडले. पिंपळगावला त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं, आणि आवाज पॅकहाऊस भरून उरेल असा. "आणि शर्यत संपते तिथं बोर्ड कुणाचा, तर खात्याचा! वा रे वा!"

पंचवटीतल्या मैदानावर ऊन चढत चाललं होतं. धावायला आलेल्या मुली मंडपात ताटकळत बसल्या होत्या आणि ही दोन मोठी माणसं एका बोर्डावरून हमरीतुमरीवर आलेली. निवृत्ती सरांचा जीव नुसता टांगणीला लागला.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. योजना नवी कोरी होती. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा शेठचा. जिल्ह्यातली एक मुलगी निवडायची, पुण्याला ठेवून शिकवायची, पळवायची, पार देशपातळीपर्यंत न्यायची. एकच मुलगी. आज पहिली येईल ती. दोघांतला एक जरी रुसून निघून गेला असता, तरी योजना बाराच्या भावात गेली असती आणि तिच्यासोबत सरांची रंगूही.

रंगू पेठ तालुक्यातली, डोंगरातल्या पाड्यावरची, सरांच्याच शाळेतली. पोर अशी पळायची की बघणाऱ्याला धाप लागावी. शाळेमागचा माळ हेच तिचं मैदान. सर दगडानं मातीत रेघ ओढायचे, ती रेघ ओलांडली की झाली शर्यत.

"सर, आज नाय जमलं तं तिचा मामा काय थांबायचा नाय," रंगूची आई लंकाबाई हळूच म्हणाली. ती मंडपाच्या कडेला चवड्यावर बसली होती. "सोयरीक ठरवून बसलाय. पोर आठवीत हाय वो अजून! मी कशीबशी आजपर्यंत थोपवलाय त्याला."

"त्याला सांगा, पोर पुण्याला गेली म्हणून," सर म्हणाले. ते तसेच उठले आणि भांडणाऱ्यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"साहेब, शेठ, लहान तोंडी मोठा घास घेतो. बोर्डच नको. शेवटच्या रेषेवर लाल फीत धरू. निम्म्या फितीवर खात्याचं नाव, निम्म्यावर शेठचं. एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं शेठच्या. पोर पळत आली की पेपरात फोटो दोघांचा."

फोटोचं नाव निघाल्यावर साहेबांनी मान डोलावली. मग शेठ एकदम हसले. "मास्तर, तुम्ही शाळेत काय करताय? राजकारणात या की!"

बाजारातून चांगली रुंद, चकचकीत फीत आली. पेंटर तिथंच होता, त्यानं नावं रंगवली. कुणीतरी हौसेनं दोन्ही टोकांना झेंडूच्या माळा बांधल्या. साहेबांनी कोट सारखा केला, शेठनं टोपी नीट केली. सरांना स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं. वाटणारच की!

"सर, बूट चावतात," रंगूनं दुसरंच संकट पुढं केलं. शेठनं दिलेले पांढरे बूट घालून ती बदकासारखी चालत होती.

सर पुन्हा शेठकडं पळाले. शेठ आता खुशीत होते. "पळू द्या अनवाणी. फोटोला मात्र बूट घाला म्हणावं."

चला, तेही निभावलं. सरांनी रंगूला जवळ घेतलं. "ती निळ्या बनियनवाली मंजुषा. नाशिकच्या क्लबची आहे, दम राखून पळते. तिच्याकडं बघायचं नाही. मागं वळायचं नाही. कुणी कितीही ओरडलं तरी लक्ष द्यायचं नाही. कळलं?"

"हां सर."

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत मंजुषा पुढं होती, आणि सरांनी नखं खाल्ली. पुढच्या फेरीत रंगू तिच्या खांद्याला लागली. मग कधी पुढं सटकली ते कळलंच नाही. शेवटच्या फेरीला तर मधे एवढं अंतर पडलं की मंडपातले लोक खुर्च्यांवर उभे राहिले. "कुठली रं ही पोर?" म्हणून जो तो विचारू लागला. लंकाबाई पदर तोंडाला लावून रडत होती.

"गेली! लंकाबाई, पुण्याला गेली पोर!" सर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होते, तिथूनच नाचायला लागले.

समोर साहेब आणि शेठ फीत ताणून, छाती काढून, फोटोवाल्याकडं बघत उभे होते. रंगू वाऱ्यासारखी आली. दोन पावलं राहिली आणि ती थांबली. अंग चोरून, पाहुण्यांना वाट द्यावी तशी बाजूला झाली.

"पळ! रंगू, अगं पळ!" सर जिवाच्या आकांतानं ओरडत धावत सुटले. रंगूनं मान वळवली नाही. कुणी ओरडलं तरी लक्ष द्यायचं नव्हतं. मागून मंजुषा आली, छातीवर फीत घेऊन तशीच पुढं गेली, आणि फोटो निघाला.

सर धापा टाकत पोचले. "का थांबलीस गं? का?"

रंगूचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "मीच पयली आले ना, सर? पन सायबांनी कापल्याबिगर आत कसं जायाचं? कात्रीच आनली नाय कुनी."